टँकरच्या नोंदवहीसाठी एसक्यूलाइट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये गेटवर टँकरची वही असतेच: तारीख, पुरवठादार, लिटर, कुठल्या विंगच्या टाकीत पाणी सोडलं, पैसे दिले की बाकी. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा नुकतीच शिकणाऱ्याने पहिला प्रोजेक्ट म्हणून हीच वही घ्यावी आणि डेटा एसक्यूलाइटमध्ये (अख्खा डेटाबेस एकाच फाइलमध्ये ठेवणारं सॉफ्टवेअर) ठेवावा, असं आठ महिने रोज वापरून ठामपणे सांगतो. फक्त काही गोष्टी पहिल्याच दिवशी पक्क्या करून घ्यायच्या.

आधी सगळ्या नोंदी एका जेसन फाइलमध्ये (डेटा ठेवायची साधी टेक्स्ट फाइल) होत्या. तिथे एक नोंद वाढवायची तरी अख्खी फाइल पुन्हा लिहावी लागते, आणि 'डब्ल्यू' (लिहिण्याच्या) मोडमध्ये उघडताक्षणी जुना मजकूर पुसला जातो. नेमके तेव्हाच लाइट गेले की हातात अर्धवट फाइल. एसक्यूलाइटमध्ये नोंद पूर्ण जाते, नाहीतर जातच नाही. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही, पायथनसोबतच मिळतं.

सर्वात जास्त त्रास आकड्यांनी दिला. वॉचमनच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड असेल तर लिटरच्या रकान्यात '१००००' देवनागरीत येतं. रकाना इंटिजर (पूर्णांकांचा) असला तरी एसक्यूलाइट कुरकुर न करता ते अक्षरं म्हणून ठेवून घेतं, आणि बेरीज करताना शून्य धरतं. एरर येत नाही, महिन्याचा हिशोब मात्र चुकतो. उपाय सोपा आहे: इनपुट आधी पायथनच्या इंट फंक्शनमधून न्या. ते देवनागरी अंक बरोबर ओळखतं. शिवाय टेबल बनवताना शेवटी 'स्ट्रिक्ट' लिहा (एसक्यूलाइटची आवृत्ती ३.३७ किंवा पुढची हवी), मग चुकीच्या प्रकारची किंमत (व्हॅल्यू) दारातच अडते. फ्लॅट नंबरचं उलटं. तो टेक्स्टच ठेवा, कारण इंटिजर रकान्यात '०४०२' इंग्रजी अंकांत टाकलं की पुढचं शून्य उडतं आणि ४०२ उरतं.

तारीख दिवस-महिना-वर्ष अशी टेक्स्टमध्ये ठेवली तर क्रम बिघडतो: ०१-०५-२०२५ ही ३०-०४-२०२५ च्या आधी येते, कारण तुलना अक्षरांची होते. वर्ष-महिना-दिवस असं, इंग्रजी अंकांत साठवा आणि दाखवताना उलटवा. एप्रिल-मे मध्ये टँकर सर्वाधिक येतात, बिलाचे वादही तेव्हाच.

नवशिक्यांचा हमखास गोंधळ कमिटचा, म्हणजे बदल फाइलमध्ये पक्का करण्याचा. नोंद टाकली, त्याच प्रोग्रॅममध्ये यादीत दिसली, प्रोग्रॅम बंद केला आणि सकाळी गायब. कमिट केलं नाही तर त्या कनेक्शनपुरतीच (प्रोग्रॅमने डेटाबेसशी उघडलेल्या जोडणीपुरतीच) ती दिसते. 'विथ कनेक्शन' वापरलं की कमिट आपोआप होतं, पण कनेक्शन बंद होत नाही, ते वेगळं करा.

'नो सच टेबल' ही एरर आली तर आधी फाइलचा पाथ (पत्ता) तपासा. दिलेल्या जागी फाइल नसेल तर एसक्यूलाइट गुपचूप नवी रिकामी बनवतं. प्रोग्रॅम दुसऱ्या फोल्डरमधून चालवला की हेच होतं, म्हणून पूर्ण पाथ द्या. क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) किमतीसाठी ठेवलेल्या प्रश्नचिन्हाच्या जागी एकच किंमत द्यायची असेल तर कंसात तिच्यानंतर स्वल्पविराम हवाच. नाहीतर '४०२' ची तीन अक्षरं तीन किमती समजली जातात आणि बाइंडिंगची (प्रश्नचिन्हं आणि किमती जुळत नसल्याची) एरर येते.

पुरवठादारांचं वेगळं टेबल केलंत तर प्रत्येक कनेक्शन उघडल्यावर फॉरेन की (दोन टेबलांमधला दुवा सांभाळणारा नियम) चालू करण्याचा प्राग्मा, म्हणजे एसक्यूलाइटची सेटिंगची आज्ञा, द्या. ती मुळात बंद असते. तशीच ठेवली तर पुरवठादार पुसला की त्याचे टँकर अनाथ राहतात आणि जोडलेल्या यादीत दिसेनासे होतात.

'डेटाबेस इज लॉक्ड' ही एरर बहुतेक वेळा डीबी ब्राउझरमुळे (एसक्यूलाइटची फाइल उघडून बघायचं ॲप) येते. त्यात बदल करून सेव्ह न करता खिडकी उघडी ठेवली की प्रोग्रॅम पाच सेकंद थांबून हात टेकतो.

बॅकअपसाठी चालू फाइल कॉपी करू नका, लिहिणं सुरू असताना घेतलेली प्रत खराब निघू शकते. 'व्हॅक्यूम इनटू' (डेटाबेसची नव्या फाइलमध्ये नीट प्रत काढणारी एसक्यूलाइटची कमांड) वापरा आणि नव्या फाइलच्या नावात तारीख घाला, कारण त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती कमांड चालत नाही.

दोन-तीन गेटवरून एकाच वेळी नोंदी हव्या असतील तर फाइल शेअर फोल्डरमध्ये ठेवू नका. नेटवर्कवर लॉकचा (एका वेळी एकालाच लिहू देणाऱ्या कुलपाचा) भरवसा नसतो. एका मशीनवर फ्लास्क (पायथनमध्ये वेब-ॲप बनवायचं साधन) वापरून छोटा सर्व्हर चालवा, फाइलला हात फक्त त्यानेच लावावा.