टेबलावरचा गडी: खडेबाजारातली सॉफ्ट टॉय

टपाल तिकिटं, नाणी अशा छंदाच्या प्रदर्शनात टेबलावर शुभंकर म्हणून नाव देऊन बसवायला बेळगावच्या खडेबाजारात मिळणारी ८-१० इंची सॉफ्ट टॉय झकास. १२ इंचांच्या पुढचं नकोच, मांडलेली तिकिटं-नाणी झाकून टाकतं. आयएसआय खूण बघूनच घ्या. १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे.

खरी खोट बुडात. आत नुसता पॉलिस्टरचा कापूस, त्यामुळं पंख्याच्या वाऱ्यानं बाहुलं पुढं कलंडतं. बुडाची शिवण दोन इंच उसवा, थोडा कापूस काढा, २०० ग्रॅम धुऊन वाळवलेले गुळगुळीत खडे जाड कापडी पिशवीत शिवून आत बसवा आणि दुहेरी दोऱ्यानं टाके घाला. तांदूळ किंवा राजमा अजिबात भरू नका. इथल्या पावसाळ्यात दमट होऊन कीड लागते. डोळे ओढून बघा. चिकटवलेले हातात येतात.

नाव दोन-तीन अक्षरी, लांबून हाक मारता येईल असं. तिकिटांच्या टेबलावरच्या कबुतराला ‘टप्पू’ शोभतं. पाटी मराठी-कन्नड दोन्हींत लिहा, अक्षरं इंचभर उंच. आणि एकदा ठेवलेलं नाव बदलू नका. लहान पोरं पुढच्या वर्षी त्याच नावानं विचारत येतात.