घरून मत की केंद्रावर जाऊन?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या आत्या व्हीलचेअरवर असतात. निवडणूक आली की घरात हाच प्रश्न.

४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर फॉर्म १२-डी भरून घरून मत देता येतं. अर्ज अधिसूचनेपासून ५ दिवसांत द्यायचा, आणि एकदा मंजूर झाला की केंद्रावर मत देता येत नाही. कर्मचारी मतपत्रिका घेऊन घरी येतात. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी हाच मार्ग योग्य. पण दोन खोल्यांच्या घरात मत गुप्त कसं राहणार? तेवढा वेळ मुला-सुनांनी खरोखर बाहेर थांबावं.

केंद्रावरच्या यंत्रावर ब्रेल आकडे असतात. अंध मतदार स्वतः बटण दाबू शकतो, हवं तर सोबती नेऊ शकतो. रॅम्प मात्र आधी पाहून यावा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी; त्याहून उभ्या चढावर खुर्ची ढकलणाऱ्याचा दम निघतो आणि बसणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो.

मी केंद्राच्याच बाजूची. सुगम मतदान केंद्र हा २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिलेला हक्क आहे, घरपोच मतपत्रिकेनं तो फिटत नाही. आत्यांनाही रांगेतच उभ्या लोकांमध्ये असायचं असतं. प्रकृती साथ देईनाशी झाली, तरच १२-डी.