एएसडी बंद करायचाय : छत्री की ऑपरेशन?

शाळेच्या तपासणीत डॉक्टरांना मर्मर (ठोक्यांसोबतचा जादा आवाज) ऐकू येते, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो, रिपोर्टवर ‘एएसडी’, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, असं येतं आणि घरात एकच चर्चा सुरू होते: जांघेतून छिद्र बुजवणारी जाळीची छत्री बसवायची, की छाती उघडायची?

याचं निम्मं उत्तर रिपोर्टमध्येच असतं. या पडद्याच्या मध्यभागी छिद्र असेल, म्हणजे ‘सेकंडम’, तरच छत्री चालते. ते मध्यभागी नसून कडेला, म्हणजे ‘प्रायमम’ किंवा ‘सायनस व्हेनोसस’ असेल तर ऑपरेशनच. सेकंडममध्येही छत्रीला धरून राहायला सभोवती साधारण ५ मिमी काठ लागतो. महाधमनीकडचा काठ कमी असला तरी बऱ्याचदा निभावतं, पण खालच्या महाशिरेकडे काठच नसेल तर छत्री निसटण्याची भीती असते. म्हणून ‘छिद्र किती मोठं?’ एवढ्यावर थांबू नका, ‘काठ कसे आहेत?’ हे नक्की विचारा.

छत्री म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या तारांची जाळी, दोन चकत्यांची. जांघेतल्या शिरेतून नळी हृदयात नेतात. आधी डावी चकती उघडून पडद्याला टेकवतात, मग उजवी. सोडण्यापूर्वी डॉक्टर ती हलकेच ओढून-ढकलून पाहतात. नीट बसली नसेल तर नळीत परत घेता येते. मूल बहुधा एक-दोन दिवसांत घरी येतं. पुढे साधारण ६ महिने अ‍ॅस्पिरिन, तोवर जाळीवर हृदयाचं अस्तर चढतं. निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. क्वचित जाळी घासून हृदयाची भिंत झिजते. छत्री बसवल्यावर छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तडक रुग्णालय गाठा, मग त्याला कितीही महिने झालेले असोत.

ऑपरेशनला लोक उगाच घाबरतात. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात सर्जन जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन (हृदय-फुफ्फुसांचं काम तात्पुरतं करणारं यंत्र) लावून १८ वर्षांच्या मुलीचं असंच छिद्र बंद केलं. तेव्हापासून हा उपाय पक्का होत आला आहे. हृदयाच्या आवरणाचाच तुकडा ठिगळ म्हणून लावतात, त्यामुळे काठांची अडचण उरत नाही. मात्र रुग्णालयात जवळपास आठवडा जातो आणि छातीचं हाड जुळायला ६ ते ८ आठवडे. मुलीच्या अंगावर व्रण राहील, ही आईची काळजी खरी आहे. काही ठिकाणी उजव्या बगलेखालच्या छोट्या छेदातून करतात, त्याची चौकशी करा. पण काठ नसताना केवळ व्रणापायी छत्रीचा हट्ट धरू नये, असं मला ठामपणे वाटतं.

‘खेळतोय ना, मग कशाला?’ म्हणून वर्षानुवर्षं टाळणं सगळ्यात वाईट. छिद्र मोठं असेल तर हृदयाची उजवी बाजू फुगत जाते, तिशी-चाळिशीत धाप लागते, ठोके बिघडतात. फुफ्फुसातला दाब फार चढून रक्त उलटं वाहू लागलं, की छिद्र बंद करणंच धोक्याचं ठरतं. अगदी लहान छिद्रं मात्र आपोआप बुजू शकतात; तिथे थांबणं योग्य. एरवी ३ ते ५ वर्षांचं वय सोयीचं.

छिद्र खालच्या कप्प्यांमधलं आणि मोठं असेल, बाळ दूध पिताना घामाघूम होत असेल, वजन वाढत नसेल, तर हा हिशोब विसरा. तिथे बहुधा पहिल्या वर्षातच ऑपरेशन लागतं.

खर्चाचं म्हणाल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मजात हृदयदोष येतात. दागिने मोडण्याआधी रिपोर्ट घेऊन जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करा.