मऊ रबरी रोलर: आठ महिने, एकतीस चित्रं आणि दर साडेबारा सेंटीमीटरला एक रेघ

सहा इंची, मऊ रबर, लाकडी मूठ, 640 रुपये. घेतला तेव्हा पाच स्टार द्यायचे ठरवले होते. मध्ये एकावर आलो. आज कितीवर आहे ते लिहिता लिहिता ठरेल.

मी बँकेतून निवृत्त. पंधरा वर्षं वॉटरकलरमध्ये घाट आणि देवळं काढली. नातेवाइकांनी ती हॉलमध्ये लावली, आणि निम्म्यांनी घराला रंग देताना उतरवली ती परत लावली नाहीत. मग अमूर्त चित्रं काढणाऱ्या वासुदेव गायतोंड्यांचं वेड लागलं. ते ब्रश सोडून रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग पसरायची पातळ सुरी, वापरायचे, एवढं वाचून मी रोलरसाठी थेट दादरचं दुकान गाठलं. ते वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करत, हे नंतर वाचलं. माझी आठ महिन्यांत एकतीस झाली, यातच काय ते समजा.

पहिले दोन महिने मजेत गेले. जुन्या टीपॉयच्या काचेवर अ‍ॅक्रिलिक रंग पसरायचा, रोलर चट्चट आवाज करायला लागला की रंग बरोबर बसला. कॅनव्हासखाली प्लायचा तुकडा घालाच, नाहीतर मध्ये झोळ येतो आणि मागची लाकडी पट्टी चित्रात उमटते. आणि काम झाल्या झाल्या धुवा. अ‍ॅक्रिलिक वाळलं की सोलत बसावं लागतं.

तिसऱ्या महिन्यात रंगात एक फिकट रेघ दिसायला लागली. थोडं पुढे गेलं की पुन्हा तीच. टेप लावली तर साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे रोलरचा एक फेरा. रबर एका जागी दबून चपटं झालं होतं.

दुकानात गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, रात्री टेबलावर तसाच टेकवून ठेवता का?"

म्हटलं, "मग काय पाळण्यात झोपवू?"

"टांगून ठेवायचा. रबरला गॅरंटी नसते."

हे बॉक्सवर कुठे लिहिलंय, विचारल्यावर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पुढे आणखी दोन फेऱ्या, चार फोन, लोकलची तिकिटं वेगळी. शेवटी गणपतीनंतर मालक म्हणाले, जुना जमा करा, नवा देतो.

तोवर त्या रेघेसकट सात चित्रं झाली होती. पैसे मोजलेली वस्तू पडून राहिलेली मला बघवत नाही. सोसायटीच्या गणपतीत सातही लावली. एरवी लोक माझ्या अमूर्त चित्रांपुढे "छान" म्हणतात आणि प्रसादाकडे वळतात. या वेळी चौथ्या मजल्यावरच्या बाई थांबल्या. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. म्हणाल्या, "ही रेघ वाट बघायला लावते हो. कसं सुचलं?"

मी म्हणालो, "सुचलं." रात्री झोप लागेना. सुचलं कुठे? चपट्या रबराने काढलं. बाकीच्या चित्रांपुढे कुणी का थांबलं नाही, याचं उत्तरही त्यातच होतं.

बदलीच्या दिवशी दुकानातच नव्या रोलरने कागदावर एक हात फिरवून बघितला. स्वच्छ, एकसारखा. डिस्टेंपर मारलेली भिंत. जुना पिशवीतून काढलाच नाही, नव्याचे 640 मोजले. भांडून मिळवलेली बदली सोडून पैसे देणारं गिऱ्हाईक मालकांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. घरी ही रक्कम अजून सांगितलेली नाही.

नव्या रोलरने मास्किंग टेप लावून मुद्दाम तशा रेघा काढल्या. वहीच्या समासासारख्या दिसल्या. ती दोन चित्रं उलटी करून कपाटामागे ठेवली आहेत.

तेव्हा टिकाऊपणाला दोन, दुकानाच्या वागणुकीला एक, एकूण तीन स्टार. पाच देता आले असते, पण काउंटरवरच्या मुलाचं ऐकून जुना रोलर खिळ्याला टांगला आणि महिनाभरात त्याचा चपटेपणा भरून यायला लागला. रेघ पुसट झाली आहे. परवापासून रात्री पुन्हा टेबलावर टेकवून ठेवतो, त्याच बाजूवर, दांड्यावर पेन्सिलने खूण करून.