पांढऱ्या केसांची नीळ: जांभळ्या शाम्पूच्या तीन बाटल्या

कापडाच्या दुकानात तीस वर्षं बसलं की पांढऱ्याचे प्रकार डोळ्यांना आपोआप कळायला लागतात. दुधी, मोतिया, निळसर, आणि गिऱ्हाईक दारात उजेडाला नेऊन बघतं अन् 'जुना माल दिसतोय' म्हणत घडी परत सारतं तो पिवळट. दोन वर्षांपूर्वी काळी मेंदी सोडली तेव्हा आपल्या डोक्याचा पांढरा यातला कुठला, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. जुना माल.

काळी मेंदी हौसेनं सोडली नव्हती. तिच्यातल्या पीपीडीनं, म्हणजे काळा रंग आणणाऱ्या रसायनानं, दोन्ही पापण्या सुजल्या आणि डॉक्टरांनी हात जोडले. ज्यांनी हे भोगलंय त्यांना सांगायला नको. बाकीच्यांनी पाकिटावरचं बारीक अक्षर एकदा वाचावं.

मग पुण्याच्या भाचीनं फोनवर सांगितलं, "मामा, पर्पल शाम्पू लावा." पर्पल म्हणजे जांभळा, एवढं मी घरात सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, "जांभळं पिळून करतेत का काय?" हसू आलं तेव्हा. पुढं कळलं की एका बाटलीच्या बाबतीत त्यांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता.

तत्त्व आपल्याला नवीन नाही. धोतराला नीळ देतात तेच. रंगांच्या चक्रात पिवळ्याच्या समोरचा रंग जांभळा. दोन्ही एकावर एक आले की पिवळेपणा डोळ्याला दिसेनासा होतो. कापडातला पिवळेपणा जात नाही, झाकला जातो. जुनी निळीची पूड म्हणजे अल्ट्रामरीन, तिचा रंग निळाच. नंतर घरोघरी उजाला आलं, तो द्रव तर सरळसरळ जांभळा. आमच्या शेजारच्या एका आजोबांनी उजालाचे दोन थेंब तांब्यात टाकून डोक्यावर घेतले होते. तसलं काही करू नका. कापडाला चालतं म्हणून कातडीला चालेलच असं नाही.

आणि ज्यांच्या पांढऱ्या केसांवर साध्या मेंदीचा केशरी उतरलाय त्यांनी जांभळ्याच्या नादी लागू नये. केशरीच्या समोर निळा येतो. निळे शाम्पू वेगळे मिळतात, पण मेंदीपुढं तेही फार काही करतील असं वाटत नाही. मेंदी वाढून कापली जाते, तोच तिचा उपाय.

आता आपल्याकडच्या पिवळेपणाचं मूळ. पांढऱ्या केसात मेलॅनिन, म्हणजे केसाला काळेपणा देणारं द्रव्य, नसतं, त्यामुळं ऊन थेट केसाच्या प्रथिनाला लागतं आणि ते पिवळं पडतं. लातूरचं ऊन मी सांगायला नको. त्यात आवळ्याचं हिरवं तेल. आणि सगळ्यात वर बोअरचं पाणी. नळाला येतं ते पिण्याला अन् स्वयंपाकाला, अंघोळ बोअरवर. गीझरची कॉइल वर्षाला खडूसारखी पांढरी होऊन निघते, नळाच्या तोटीवर क्षाराची दाढी चढते, तोच थर केसावर बसतो. पाण्यात लोह असेल तर त्याला तांबूस छटाही येते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून आमच्या घरात अंघोळीचं एकच माप आहे: माणशी एक बादली. हे माप लक्षात ठेवा, शेवटी निकाल त्यानंच लावला.

भाच्यानं डी. फार्म. करून औशाला मेडिकल टाकलंय. त्याच्या मदतीनं तीन बाटल्या आणल्या, आठ-नऊ महिने आलटून पालटून लावल्या. नावं सांगत नाही, कारण नावापेक्षा मागचं लेबल महत्त्वाचं, आणि आज एका नावात आहे ते उद्या तसंच राहील याची हमी नाही. पुढच्या बाजूला केराटिन, आर्गन तेल, बायोटिन असं मोठ्या अक्षरात असतं, ते सोडून द्या. मागच्या यादीत एक टक्क्याच्या वरचे घटक उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. त्याखालचे कसेही, आणि रंग बहुधा अगदी शेवटी. म्हणजे ज्यासाठी बाटली घ्यायची तोच घटक शेवटच्या ओळीत. मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघायचा.

आमच्या घरात बाटल्यांना नावं पडली: जांभळाची, औषधाची आणि निळीची.

जांभळाची बाटली लवकर संपवतो. लेबलवर जांभूळ, ब्लूबेरी, लव्हेंडर यांचे अर्क होते, वासही छान होता. रंगाच्या जागी सीआय ४२०९० आणि सीआय १७२००. सीआय म्हणजे कलर इंडेक्स, रंगाचा ठरलेला क्रमांक. पहिला निळा, दुसरा लाल. दोन्ही मिळून शाम्पू जांभळा दिसतो. पण हे पाण्यात विरघळणारे, केसावर फारसे न थांबणारे रंग. बाटलीतला शाम्पू जांभळा असणं आणि केसाला जांभळी छटा देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जांभळाचा अर्क जिभेवर बसतो तसा केसावर बसत नाही. सहा धुण्यांत माझ्या केसांना काही झालं नाही. सासूबाईंना मात्र आवडला. त्या लावतात, वासासाठी.

खरी तुलना राहिलेल्या दोघांची.

औषधाच्या बाटलीत शेवटच्या ओळीला बेसिक व्हायोलेट २ आणि बेसिक ब्लू ९९. लहानपणी तोंड आलं की जीभ-गाल जांभळं करणारं औषध लावायचे, ते जेन्शियन व्हायोलेट बेसिक व्हायोलेट ३. म्हणजे एकाच घराण्यातले, म्हणून हे नाव. या घराण्याच्या रंगावर धन भार असतो. केसावर ऋण भाराच्या जागा असतात, आणि केस जितका उन्हानं, ब्लीचनं खराब तितक्या त्या जास्त. त्यामुळं रंग जाऊन चिकटतो आणि चांगला चिकटतो. यात वाद नाही. पहिल्याच धुण्यात माझा पिवळा गेला. तीन-चार धुणी तो आलाही नाही. नुसती छटा मोजायची असेल तर ही बाटली पुढं आहे, हे मी आधीच मान्य करतो.

शिवाय यादीत सल्फेट, म्हणजे भरपूर फेस काढणारं कडक साबणद्रव्य, नाही. कोकामिडोप्रोपिल बीटेन, डेसिल ग्लुकोसाइड अशी मवाळ मंडळी. पँथेनॉल, ग्लिसरीन, पॉलिक्वाटर्नियम-१०. केस मऊ लागले. भाचा म्हणाला, धन भाराच्या रंगाला सल्फेटचा ऋण भार जमत नाही, दोघं एकमेकांनाच धरून बसतात, म्हणून असले रंग मवाळ शाम्पूत किंवा कंडिशनरच्या मास्कमध्ये जास्त खुलतात. पटलं.

निळीच्या बाटलीत रंग एकच: सीआय ६०७३०. याला कुठल्या बाटलीवर एक्स्टर्नल व्हायोलेट २ म्हणतात, कुठं ॲसिड व्हायोलेट ४३. तिन्ही नावं एकाच रंगाची, फसू नका. हे ॲसिड रंगाचं घराणं कापडवाल्याला ओळखीचं. लोकर आणि रेशीम रंगवायला ॲसिड रंग वापरतात. सुताला ते धरत नाहीत. केस म्हणजे प्रथिनच, लोकरीचा सख्खा भाऊ. आम्लात हा रंग जास्त बसतो, म्हणून त्याच यादीत सायट्रिक ॲसिड बघायचं. बाकी शाम्पू अगदी साधा. सोडियम लॉरेथ सल्फेट दुसऱ्या क्रमांकावर, त्याखाली बीटेन, घट्ट करायला मीठ, थोडं डायमेथिकोन, आणि डायसोडियम ईडीटीए.

ईडीटीए हा कॅल्शियम, लोह असल्या धातूंना धरून ठेवतो. एवढ्याशा ईडीटीएनं बादलीभर जड पाणी मऊ होईल असं समजू नका. शाम्पूत तो मुख्यतः माल टिकावा म्हणूनच घालतात. तरी बोअरच्या पाण्यात निदान फेसाला मदत होत असावी, असा माझा अंदाज.

छटेच्या बाबतीत निळीची बाटली मवाळ. पहिल्या धुण्याला फरक मला दिसला, बायकोला नाही. तिसऱ्या धुण्याला तिलाही दिसला. आठवड्यातून एकदा लावावा लागतो, चुकला की पिवळा परत डोकावतो. केस थोडे राठ होतात, केरसुणीसारखे नव्हे, पण होतात. म्हणजे कागदावर औषधाची बाटली दोन गुण जास्त घेऊन जाते.

आता ज्यानं माझा निकाल लावला ते.

बोअरच्या पाण्यात औषधाच्या बाटलीला फेसच येत नव्हता. फेस नाही म्हणून हात आपोआप दुसऱ्यांदा बाटलीकडं जातो. दुप्पट शाम्पू म्हणजे दुप्पट रंग. तो धुवायला बसलं की तांब्यामागून तांब्या, पाणी जांभळंच. चौथ्या तांब्याला जांभळं, सहाव्यालाही. बादली संपायची आणि कानामागं हात लावला की बोटं जांभळी. बाथरूममधून हाक मारायची, "अजून एक बादली दे गं." बाहेरून उत्तर यायचं, "अहो, लग्नाला निघालात का?" आठवड्याला एकदा म्हटलं तरी दोन बादल्या, आणि मे महिन्यात बोअर फुसफुसायला लागतो तेव्हा ती दुसरी बादली भांड्यांची असते.

तरीही नीट निघायचं नाही. नखांच्या कडेला, कानाच्या पाळीमागं, मानेच्या घडीत दोन दिवस जांभळं राहायचं. पंचाला डाग, ते तीन-चार धुण्यांत गेले, पण गेले तोवर पंचा दोरीवर वाळत घालायची लाज. आणि कानशिलं! स्कूटरवर उन्हाचा मार तिथंच बसतो, केस तिथं जास्त खराब, म्हणून रंगही तिथं जास्त. डोकं चांदीचं आणि कानशिलं वांग्याची. गंजगोलाईत दुकानावर एक जुनं गिऱ्हाईक, चाकूरकडचे पाटील, फेट्याचं कापड बघता बघता थांबले. "शेठ, कानाला काय लागलं? शाईचं पेन ठेवता का?" तीस वर्षं मी लोकांना पांढरं विकलं, त्या माणसाला ही वेळ.

मी नंतर वेळ कमी करून बघितला, पाचऐवजी दोन मिनिटं. साध्या शाम्पूत अर्धा मिसळूनही बघितला. डाग कमी झाले, पण बादली काही एकावर आली नाही.

निळीच्या बाटलीचं पाणी तिसऱ्या-चौथ्या तांब्याला साफ होतं. पंचा सुती, त्यामुळं त्याला हा रंग धरत नाही. एका बादलीत डोकंही होतं आणि अंगही. शेवटचा एक तांब्या मी जारच्या पाण्याचा घेतो, म्हणजे क्षार कमी बसतात. बायकोला ही चैन वाटते. मला वाटतं की तो एक तांब्या शाम्पूइतकंच काम करतो, पण हे मी मोजलेलं नाही.

राठपणाचं म्हणाल तर आदल्या रात्री खोबरेल बोटभर. आवळ्याचं हिरवं तेल बंद केलं, त्यानंही पिवळा कमी झाला असेल. सगळं श्रेय शाम्पूला देत नाही.

घेण्याआधी एक गोष्ट दोन्ही बाटल्यांना लागू. पीपीडी यात नसतं हे मी लेबलवर तपासूनच आणलं, पण ज्याला एका रंगानं सूज आली त्यानं दुसऱ्यावर डोळे झाकून भरवसा ठेवू नये. कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून धुवा आणि दोन दिवस थांबा. यादीत मिथाइलआयसोथायझोलिनोन हे माल टिकवणारं रसायन दिसलं तर खाजऱ्या कातडीच्या माणसानं बाटली खाली ठेवलेली बरी. अंगावर लावून ठेवायच्या क्रीम-लोशनमधून युरोपनं २०१७ सालीच ते काढायला लावलं. शाम्पू धुऊन जातो म्हणून त्यात थोडं चालतं. माझ्या दोन्ही बाटल्यांत त्याऐवजी फिनॉक्सीइथेनॉल होतं, काही त्रास झाला नाही.

तुमच्या नळाला मऊ पाणी असेल, केस ब्लीच केलेले असतील, पिवळा खूप गडद असेल, तर माझ्या सांगण्यावर जाऊ नका. तिथं सीआय ६०७३० मिळमिळीत वाटेल, आणि बेसिक घराण्याचा रंग एका धुण्यात काम करून मोकळा होईल. बोअर, बादली आणि उन्हातली स्कूटर असेल तर मात्र शेवटच्या ओळीत आधी साठ हजार सातशे तीस शोधा.

औषधाची अर्धी बाटली उरली होती. दिवाळीला भाची आली तेव्हा तिच्या पिशवीत घातली. तिच्या केसांना पार्लरमधल्या सोनेरी बटा आहेत आणि अंघोळीला शॉवर. पंधरा दिवसांनी तिचा फोन: "मामा, भारी आहे हा, कुठला आणलात? दोन पाठवा." पाठवल्या. भाच्याकडून येताना माझ्यासाठी निळीची एक घेतली. बायकोनं पिशवीत डोकावून विचारलं, "एका बादलीचाच आहे ना हा?"