ग्रास कटरची पेट्रोल नळी: पारदर्शक, काळी, पिवळी की व्हिटॉन?

सांगली-साताऱ्याकडच्या शेती औजारांच्या दुकानात ‘पेट्रोलची नळी द्या’ म्हटलं की काउंटरवर बहुधा चारांपैकी एक येते: पारदर्शक पीव्हीसी, बिनमार्काची काळी रबरी, पिवळी टायगॉनसारखी आणि क्वचित कुठे व्हिटॉन, म्हणजे एफकेएम नावाचं फ्लोरिनयुक्त रबर. पहिल्या दोन आता घेऊच नयेत. उरलेल्या दोघींत कोणती घ्यायची हे मशीन पेट्रोल कसं ओढतं त्यावर ठरवावं.

कारण पंपावरचं पेट्रोल बदललंय. ई२० ची, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झाली. आता सर्रास तेच मिळतं. (कृष्णा-वारणाकाठचा ऊस कारखान्यात जातो आणि इथेनॉल होऊन उसातल्याच विडरच्या (तण काढायच्या यंत्राच्या) टाकीत परत येतो. विडरची नळी मात्र जुन्या पेट्रोलच्या हिशेबाची.) पेट्रोल आणि इथेनॉल मिळून साध्या पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य धुऊन नेतात. नळी भरलेली असते तोवर लुसलुशीत दिसते. मशीन महिनाभर रिकामं पडलं की काडीसारखी कडक होते आणि टाकीच्या भोकापाशी किंवा कार्बोरेटरच्या निपलवर चिरते. हलक्या रबराचं उलटं: ते आधी फुगतं, निपलवर सैल होतं, मग आतून सुटणारे काळे कण जाळीत अडकतात.

ही चीर साधी वाटते, पण इंजिन तिथेच मार खातं. साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण १३.५ पट. कार्बोरेटरला हे कळत नाही, त्यामुळे मिश्रण आधीच पातळ, म्हणजे हवा जास्त नि पेट्रोल कमी, झालेलं असतं. त्यात नळीतून हवा शिरली की टू-स्ट्रोक इंजिन मध्येच रेस घेतं, तापतं आणि बंद पडतं. चोक ओढल्यावरच चालू राहणारा ग्रास कटर दिसला की जेट खोलण्याआधी नळी बघावी. प्रायमरचा फुगा (चालू करण्याआधी दाबून पेट्रोल ओढायचा) दहा-बारा वेळा दाबूनही परतीच्या नळीतून बुडबुडे येतच राहिले, तर बहुतेक वेळा ओढणारी नळी चिरलेली किंवा निपलवर सैल असते.

आता निवड. व्हिटॉन इथेनॉलला दाद देत नाही, टिकाऊपणात चौघींत तीच पहिली. तरीही ग्रास कटरच्या टाकीत ती नको. मशीन आडवं-तिडवं झालं की फिल्टरचं डोकं पेट्रोलमागे लोळत जायला हवं, आणि व्हिटॉन ताठ असल्याने ते एका जागी अडून राहतं. अर्धी टाकी असताना बांधावर मशीन तिरकं धरलं की बंद, ही तक्रार त्यातूनच येते. तिथे पिवळी मऊ नळीच बरी; तीही कालांतराने कडक होते, म्हणून दर हंगामाआधी दुमडून बघावी. टाकी वर आणि कार्बोरेटर खाली असलेल्या फोर-स्ट्रोक विडरला किंवा पाण्याच्या इंजिनला मात्र बेधडक व्हिटॉन लावा. चारचाकीच्या स्पेअर दुकानातली ‘जे३०आर९’ (पेट्रोलच्या नळीचं एक मानक) छापाची नळीही चालते, व्यास जुळला तर. सिलिकॉनची नळी कुणी खपवली तर घेऊ नका, पेट्रोलसाठी ती नाही.

व्यास डोळ्याने ठरवू नये. जुन्या नळीचा न फुगलेला, कोरडा तुकडा व्हर्नियरने आतून-बाहेरून मोजावा. ग्रास कटरला बहुधा आतून २ ते ३ मिमी, बाहेरून ३.५ ते ६ मिमी लागते. टाकीच्या भोकापेक्षा बाहेरचा व्यास किंचित जास्त हवा, कारण भोकात रबरी ग्रोमेट (कडी) नसेल तिथे नळीच सील असते. दोन नळ्या कुठून कुठे जातात त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढा; ओढणारी आणि परतीची अदलाबदल झाली की प्रायमर पेट्रोल ओढतच नाही. नव्या नळीचं टोक लांब तिरकं कापायचं, त्याला थेंबभर टू-टी ऑइल लावायचं, भोकातून सरकवून आतून चिमट्याने ओढायचं. मग तिरका भाग कापून फिल्टर बसवायचा. फिल्टर टाकीच्या तळाच्या कोपऱ्यापर्यंत पोचावा, पण नळीला पीळ पडू नये.

दुकानातल्या तयार किटमध्ये नळी बरी असली तरी फिल्टर आणि प्रायमरचा फुगा बऱ्याचदा हलका असतो. ते वेगळे घ्यावेत, आणि कार्बोरेटरची पाकळी (डायफ्राम) कडक झाली असेल तर तीही सोबतच बदलावी.

एक गोष्ट कुठलीच नळी सांभाळत नाही: पाणी. पाटण-महाबळेश्वरकडच्या पावसात झाकणातून पाणी शिरलं तर इथेनॉल ते शोषतं. प्रमाणाबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो आणि पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. फिल्टर असतो तळाशी, म्हणजे इंजिनला बिनऑइलचं पाणी मिळतं आणि पिस्टन जाम. काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून तासभर स्थिर ठेवलं तर दोन थर स्पष्ट दिसतात. तसं दिसलं तर टाकी पूर्ण रिकामी करून ताजं मिश्रण भरावं. महिनाभर मशीन लागणार नसेल तर टाकी उपसून, आपोआप बंद पडेपर्यंत चालवूनच ठेवावं.