ऑनलाइन कुर्ती की आईच्या साडीची?
कॉलेजच्या फंक्शनला ४०० ची ऑनलाइन कुर्ती घ्यायची की आईची जुनी महेश्वरी कापून शिवायची, माझं मत सरळ साडीलाच. ऑनलाइनवाली पॉलिस्टरची, इंदूरच्या मे महिन्यात अंगाला नुसती चिकटते, शिवाय दर धुण्यात तिचे प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात, दिसत पण नाहीत. लगेच घरी येते, एवढंच. महेश्वरी सुती-रेशमी, हातमागाची, अहिल्याबाईंनी १८ व्या शतकात महेश्वरला विणकर वसवले तेव्हापासूनची कला आहे ही, आणि महेश्वर इथून साधारण ९० किमी. राजवाड्याजवळच्या टेलरकाकांनी शिलाई ३५० घेतली, पण बाह्यांना काठ काय सुंदर बसवलाय, उरलेल्या कापडाची पिशवी पण झाली! फक्त साडी आधी उजेडात धरून बघा, घडीवर विरलेला तुकडा कुर्तीत येऊ देऊ नका.